यजमानाची काटकसर

काटकसर हा शब्द आपल्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारला जातो, कीं त्याचा अर्थ सर्वांस ठाऊकच आहे असें धरून आपण चालतों. वस्तुतः काटकसरीच्या दोन अगदीं भिन्न जाती आहेत. ज्याच्या कमरेला किल्ल्या असतात तो एका जातीची काटकसर करितो. ज्याच्या पानांतला घांस कमी व्हावयाचा असतो तो दुसऱ्या जातीची करितो. पहिलीनें वहींतला हिशेब जुळतो. दुसरीनें घर टिकतें. हा भेद मला नीट उमगला तो मात्र स्वयंपाकघरांत नव्हे. माजघराच्या फडताळांत रात्रंदिवस घरघरत असलेल्या आमच्या संगणकाची स्मृति अपुरी पडूं लागली, तेव्हां तो उमगला.

हा संगणक लिनक्सवर चालतो आणि आपल्या पोटांत दुसरे अनेक संगणक चालवितो. प्रत्येकाला वाटतें कीं आपण स्वतंत्र यंत्र आहों; पण लोखंड व तांबें एकाचेंच. ही युक्ति आजची नव्हे. अमेरिकेंतील केंब्रिज येथील आयबीएमच्या शास्त्रज्ञांनीं ती १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध केली, आणि १९७२ सालीं त्या कंपनीनें व्हीएम/३७० या नांवानें ती आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं बाजारांत आणली. २००७ सालीं केव्हीएम नांवाचा भाग लिनक्सच्या गाभ्यांतच समाविष्ट झाला आणि ही सोय सामान्य माणसाच्या घरापर्यंत येऊन पोंचली. या शास्त्रांत मूळ यंत्रास यजमान व आंतल्या यंत्रांस पाहुणे म्हणण्याची चाल आहे. ती इंग्रजींतून आलेली असली तरी आपल्या कानांस मुळींच परकी वाटत नाहीं.

आमच्या यजमानाकडे सहा पाहुणे होते. घरच्या छायाचित्रांचा सांभाळ करणारा पहिला. दादांनीं जमविलेले कुलवृत्तान्ताचे छापील व टंकलिखित कागद वाचून त्यांतील अक्षरें ओळखणारा दुसरा. वहिनींच्या गाण्यांचा संग्रह ठेवणारा तिसरा. या सर्वांच्या रोज प्रती काढून ठेवणारा चौथा. घरांतील सर्व उपकरणांना जाळ्यावरील पत्ते सांगून जाहिराती अडविणारा पांचवा. आणि पुतण्याच्या कॉलेजच्या अभ्यासाचा सहावा. त्यांना अनुक्रमें ८, ६, ४, ४, २ आणि ८ गिगाबाइट स्मृति दिलेली होती. बेरीज ३२. यजमानाजवळ एकंदर स्मृतिहि ३२ गिगाबाइटच! म्हणजे पंगतीला वाढून झाल्यावर यजमानाच्या स्वतःच्या वांट्याला शीतहि उरत नव्हतें.

असें असून वर्षभर सर्व सुरळीत चाललें होतें. याचें कारण असें, कीं लिनक्समध्यें स्मृति देणें म्हणजे आरंभीं केवळ वचन देणें होय. पाहुणा ज्या पानाला प्रत्यक्ष हात लावील तेवढेंच पान त्याच्या नांवावर चढतें. हें पान चार किलोबाइटांचें असतें आणि स्मृतीचा सर्व व्यवहार अशा पानांच्या हिशेबानें चालतो. पेढीवर जशी सर्व ठेवीदारांची रांग एकाच दिवशीं लागत नाहीं, तसे सर्व पाहुणे एकाच वेळीं आपलें पुरतें मागणें मागत नाहींत, या भरंवशावर हा संसार चालतो.

एके रात्रीं मात्र रांग लागली. दोनच्या सुमारास प्रती काढण्याचें काम, नव्या छायाचित्रांची सूची करण्याचें काम आणि दादांच्या कागदांचें वाचन हीं तिन्ही एकदम सुरू झालीं. स्मृति संपली. अशा वेळीं लिनक्सचा गाभा स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं कोणा एका प्रक्रियेचा बळी घेतो, आणि बळी निवडतांना मुख्यतः कोणी किती स्मृति व्यापली आहे हें पाहतो. यजमानाच्या दृष्टीनें प्रत्येक पाहुणा ही एकच एक प्रक्रिया असल्यामुळें जो सर्वांत थोर तोच गेला. छायाचित्रांचें यंत्र भर कामांत नाहींसें झालें. सुदैवानें त्याच्या नोंदवहीची रचना अशी होती, कीं अर्धवट लिहिलेलें सोडून देऊन ती पुन्हां उभी राहिली. एकहि चित्र गेलें नाहीं. परंतु सकाळीं आत्यांनीं आपल्या फोनवर आजोबांचें छायाचित्र पाहावयास घेतलें आणि तें दिसेना, तेव्हां घरांत चर्चा सुरू झाली.

दादा शांतपणें म्हणाले, “अरे, हें सगळें एखाद्या कंपनीच्या स्वाधीन करूं या. महिन्याचे पैसे भरले कीं आपण मोकळे.”

त्यांचें म्हणणें अव्यवहारी नव्हतें. स्मृति वाढवावी तर यंत्रांतील दोनच खांचांत सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या आधींच बसलेल्या. त्या काढून दुप्पट मोठ्या घ्यावयाच्या तर २०२५ च्या अखेरीपासून स्मृतीचे भाव असे चढलेले, कीं त्या किंमतीचा विचार करतांना हात आंखडावा. आणि बाहेर ठेवावयाचें तरी काय? आजोबांच्या पत्रांच्या प्रतिमा, घराच्या वांटणीचे कागद, आणि आईच्या आवाजांतील कांहीं थोडीं ध्वनिमुद्रणें. तीं कोणा परक्याच्या कोठारांत मासिक भाड्यानें ठेवावीं हें मला पटेना. मीं दादांजवळ एक महिन्याची मुदत मागितली आणि आहे त्याच स्मृतींत हा संसार बसवावयाचें ठरविलें.

अशा प्रसंगीं पहिला मोह होतो तो रिकामें दिसेल असें करण्याचा. ‘फ्री’ ही आज्ञा दिली असतां यंत्र आपल्या स्मृतीचा ताळेबंद दाखवितें. त्यांत ‘रिकामी’ या सदराखालील आंकडा बहुधा इतका लहान असतो, कीं नवख्या माणसाच्या पोटांत गोळा यावा. पण लिनक्सला रिकामी स्मृति ही फुकट गेलेली स्मृति वाटते. तबकडीवरून एकदां वाचलेला मजकूर तो मोकळ्या जागेंत तसाच राहूं देतो. पुन्हां लागला तर तेथूनच देतो, आणि कोणाला जागा हवी झाल्यास तो टाकून ती तत्काळ मोकळी करितो. म्हणून खरा आंकडा पाहावयाचा तो ‘उपलब्ध’ या सदरांतला. मागणी आल्यास किती देतां येईल याचा हा अंदाज २०१४ सालीं गाभ्याच्या ३.१४ या आवृत्तीपासून स्वतः गाभाच सांगूं लागला. हा सर्व सांठा एका आज्ञेनें पुसून टाकतां येतो व आंकडा क्षणभर डोळे दिपवितो. परंतु तें करणें म्हणजे कोठी मोकळी दिसावी म्हणून तांदूळ अंगणांत ओतण्यासारखें आहे. घटकाभरानें ते पुन्हां वेंचून आणावेच लागतात.

या नियमाला आमच्या घरीं एक अपवाद मात्र निघाला. आमच्या तबकड्या झेडएफएस या पद्धतीनें रचलेल्या आहेत. तिचा स्वतःचा एक वेगळा सांठा असतो आणि तो वरील ताळेबंदांत सांठ्याच्या सदरीं न दिसतां वापरलेल्या स्मृतींत दिसतो. त्याची मर्यादा आमच्या यंत्रावर एकूण स्मृतीच्या निम्मी, म्हणजे १६ गिगाबाइट होती. पुष्कळ वर्षें लिनक्सवर हाच तिचा रूढ अंक होता. मागणी आली कीं हा सांठाहि आंखडतो, पण एकदम धाड पडली असतां त्याला तितक्या चपळाईनें जागा सोडतां येत नाहीं. ज्या यंत्राचें काम केवळ तबकड्या सांभाळण्याचें, त्याला हा थाट शोभतो. जेथें पाहुण्यांना वाढावयाचें आहे तेथें शोभत नाहीं. शिवाय प्रत्येक पाहुणा आपण वाचलेलें आपल्यापाशीं जपून ठेवीतच असतो. तेंच यजमानानेंहि जपावें ही दुहेरी सांठवण झाली. मीं ही मर्यादा ३ गिगाबाइटांवर आणली. तेथें आंकडा बाइटांत लिहावा लागतो: ३२२१२२५४७२. दादांनीं चष्मा लावून तो मोजला व म्हणाले, “हा तर सावकाराचा आंकडा दिसतो!”

येथपर्यंतची काटकसर यजमानाच्या स्वतःच्या ताटांतली होती, म्हणून सोपी होती. खरा प्रश्न पाहुण्यांचा. बाहेरून पाहिलें तर सहाहि जणांनीं आपापला वांटा पुरता व्यापलेला दिसत होता. तो तसा दिसावयाचाच. कारण पाहुण्याच्या पोटांतहि लिनक्सच असतें, आणि तेंहि मोकळी जागा जुन्या मजकुरानें भरून ठेवितें. इतकेंच नव्हे, तर पाहुण्यानें एखादें पान वापरून सोडून दिलें तरी तें सोडल्याचें यजमानास आपोआप कळत नाहीं. त्याच्या वहींत तें पान पाहुण्याच्याच नांवावर राहतें. कोणतें पान जिव्हाळ्याचें आणि कोणतें अडगळीचें, हें पाहुणा जाणतो. यजमान जाणत नाहीं.

हें न जाणतां यजमान काटकसर करूं लागला तर काय होतें तें पाहण्यासारखें आहे. तो आपल्याच बुद्धीनें पाहुण्यांचीं कांहीं पानें उचलून तबकडीवर नेऊन ठेवितो. याला स्वॅप म्हणतात. तबकडी स्मृतीपेक्षां कितीतरी मंद. कधीं तो नेमकें ऐन कामाचें पान उचलतो आणि पाहुणा खोळंबतो. कधीं याहूनहि गंमत होते: पाहुण्यालाहि जागा कमी पडून तो एखादें जुनें पान आपल्या तबकडीवर टाकावयास निघतो, तों तेंच पान यजमानानें आधींच बाहेर नेलेलें असतें. मग तें तबकडीवरून परत आणावयाचें, तें कशासाठीं? तर पुन्हां तबकडीवर लिहून टाकण्यासाठीं! दोघेहि काटकसरी, दोघेहि दक्ष, आणि दोघांच्या दक्षतेमधून निष्पन्न काय, तर दुप्पट खर्च. एकाच घरांत दोन कर्ते एकमेकांशीं न बोलतां हिशेब ठेवूं लागले म्हणजे असेंच घडतें.

या कोड्याचें उत्तर कार्ल वॉल्डस्पर्गर या संशोधकानें २००२ सालीं व्हीएमवेअर कंपनीच्या यंत्रणेवरील आपल्या निबंधांत मांडलें, आणि तें मला फार सुंदर वाटतें. पाहुण्याच्या घरांत यजमानाचा एक छोटासा माणूस राहावयास पाठवावयाचा. त्याला बलून, म्हणजे फुगा म्हणतात. यजमानास जागा हवी झाली कीं हा फुगा फुगतो, म्हणजे पाहुण्याच्या गाभ्याजवळ रीतसर पानें मागतो. पाहुणा आपल्या नेहमींच्या विवेकानें प्रथम अडगळ काढतो, जुना सांठा टाकतो आणि मोकळीं झालेलीं पानें फुग्याच्या हवालीं करितो. फुगा तीं यजमानाकडे पोंचवितो. निकड सरली कीं फुगा आंखडतो आणि जागा परत मिळते. यजमानाला आंत काय चाललें आहे तें ठाऊक असण्याची गरजच नाहीं. मागावयाचें, आणि काय द्यावें हें ज्याचें त्याला ठरवूं द्यावयाचें. त्याच निबंधांत निजलेल्या स्मृतीवर कर बसविण्याचीहि कल्पना आहे: जें पान वापरांत आहे त्याहून जें नुसतें अडवून ठेवलें आहे तें मालकाला महाग पडावें, आणि तंगी आली कीं तसलेंच आधीं परत घ्यावें. त्या कराचा रूढ दर ७५ टक्के ठेवलेला होता! आजच्या लिनक्समध्यें फुग्याची सोय उपजतच असते. आणि २०२० मधील ५.७ या आवृत्तीपासून पाहुणा आपलीं मोकळीं झालेलीं पानें, न मागतांहि, यजमानास कळवूं शकतो.

मात्र फुग्यालाहि मर्यादा आहे. तो हांवरटपणें फुगविला तर पाहुण्याजवळ कामापुरतीहि जागा उरत नाहीं, आणि मग बळी घेण्याचा तो क्रूर विधि पाहुण्याच्या घरांतच सुरू होतो. मागणें सभ्यपणाचें असलें तरी तें किती मागावें याला विवेक लागतोच.

यापुढची पायरी वांटून घेण्याची. आमच्या पाहुण्यांपैकीं चौघे एकाच जातीच्या डेबियनवर चालतात; म्हणजे चौघांच्या स्मृतींत पुष्कळ पानें अक्षरशः सारखीं. २००९ सालच्या डिसेंबरांत लिनक्समध्यें केएसएम नांवाची एक सोय आली. ती सावकाश फिरत सारखीं पानें हुडकते, त्यांतील एकच ठेविते आणि बाकीच्यांना तेंच दाखविते. कोणी त्यांत फेरफार करूं लागला कीं तेवढ्यापुरती त्याला वेगळी प्रत करून देते. या शोधाला गणनशक्ति खर्चावी लागते, पण आमच्या यजमानाला दुपारीं फारसें काम नसतें. चार घरीं चार पंचांगें कशाला, एक भिंतीवर टांगलें कीं पुरे, असा हा न्याय आहे.

पण पंचांग टांगावयाचें तें घरच्याच भिंतीवर. सामाईक पानावर लिहावयास लागलें कीं प्रत करावी लागते व त्याला किंचित् अधिक वेळ लागतो. त्या विलंबावरून शेजाऱ्याजवळ अमुक मजकूर आहे असें ताडतां येतें. २०१६ सालीं ॲम्स्टरडॅम येथील व्ह्राय विद्यापीठाच्या संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह याहि पुढें जाऊन दाखविलें: अशा सामाईक पानाचा आणि स्मृतीच्या घडणींतील एका दोषाचा मेळ घालून एका पाहुण्याला दुसऱ्याच्या पानांतील अक्षरहि बदलतां येतें. तेव्हां वांटून घेणें हें विश्वासाचें काम आहे. पुतण्याच्या यंत्रावर अभ्यासासाठीं अनोळखी ठिकाणचे कार्यक्रम येत-जात असतात, म्हणून त्याचीं पानें मीं या सामाईकींतून वगळलीं. त्यांत त्याच्यावर अविश्वास नाहीं; त्याच्या मित्रमंडळींची ओळख आपल्याला नाहीं इतकेंच.

जाळ्यावरील पत्ते सांगणाऱ्या पांचव्या पाहुण्याला स्वतंत्र घर देण्याचें कारणच नव्हतें. एवढ्याशा कामासाठीं त्याचा स्वतःचा गाभा, स्वतःची मांडणी, स्वतःची चूल! लिनक्समध्यें कंटेनर नांवाची एक धाकटी व्यवस्था आहे. तींत यजमानाचाच गाभा सर्वांना सामाईक असतो आणि प्रत्येकाची खोली तेवढी वेगळी असते. त्याला तेथें हलवितांच दोन गिगाबाइटांचें काम शंभर मेगाबाइटांच्या आसपास होऊं लागलें.

मग मीं उरलेल्या एकेका पाहुण्याच्या आंत जाऊन पाहिलें. वहिनींच्या संगीताला एक गिगाबाइट पुरेसें होतें, त्यांना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “भाऊजी, गाणें थांबलें नाहीं म्हणजे झालें, कोठी किती मोठी तें मला काय करायचें?” प्रती काढणाऱ्याला दोन पुरले. छायाचित्रांचे आठ मात्र मीं तसेच ठेविले, कारण सूची करतांना त्यांना ते खरोखरच लागतात. जो मोठा दिसतो त्यालाच कापावयाचें हा न्याय गाभ्यानें त्या रात्रीं लावून दाखविलाच होता. उलट, पुन्हां तसा प्रसंग आलाच तर त्याची पाळी सर्वांत शेवटीं यावी अशी सोय करून ठेविली. उणें हजारापासून अधिक हजारापर्यंतचा एक आंकडा प्रत्येक प्रक्रियेला लावतां येतो. तो जितका उणा तितकें अभय. दादांच्या कागदांचे सहाहि राहिले, पण दिवसां त्यांतले तीन फुग्यानें परत घ्यावेत असें ठरलें.

आणि सर्वांत मोठा लाभ झाला तो ज्यांत कांहींच कापावें लागलें नाहीं अशा एका गोष्टीनें. रात्रीं दोन वाजतां सुरू होणारीं तीन कामें मीं बारा, दोन व चार अशीं वेगळालीं केलीं. ज्या घरांत न्हाणीघर एकच, तेथें कोणी किती पाणी घ्यावें यापेक्षां कोणी केव्हां उठावें हें ठरविलें कीं निम्मे तंटे मिटतात.

राहिला पुतण्या. त्याचे आठ मला यजमानाच्या अधिकारानें चार करतां आले असते. एका ओळीचें काम. पण एवढें सर्व वाचल्यावर तें माझ्या हातून होईना. मीं त्याला ताळेबंद दाखविला आणि म्हटलें, “बघ बाबा, यांतलें तुला काय सोडतां येईल?”

त्यानें आपल्या यंत्रांत पंधरा मिनिटें खाली-वर करून पाहिलें, गेल्या वर्षाच्या अभ्यासाच्या दोन सेवा उगाच चालू होत्या त्या बंद केल्या, आणि म्हणाला, “काका, चार पुरतील. पण परीक्षेच्या पंधरवड्यांत मला आठ परत लागतील हं.”

तें वचन मीं दिलें, आणि परीक्षा आली तेव्हां पाळलेंहि. आतां हिशेब असा आहे: छायाचित्रें ८, कागद ६, संगीत १, प्रती २, अभ्यास ४, मिळून २१, झेडएफएसचे ३ व यजमानाचे स्वतःचे २ धरून २६, कंटेनरचें किरकोळ. जवळजवळ सहा गिगाबाइट शिल्लक राहतात, आणि पुतण्याला त्याचे चार परत देऊनहि दोन हातीं उरतात. मुदत संपली त्या दिवशीं दादांनीं हा कागद वाचला, घडी घालून कुलवृत्तान्ताच्या बाडांत ठेविला आणि बाहेरच्या कंपनीचा विषय पुन्हां काढला नाहीं.

पुतण्याचे चार मीं परस्पर काढून घेतले असते तर हिशेब याहून निराळा झाला नसता. परंतु त्या दोन निरुपयोगी सेवा तशाच चालू राहिल्या असत्या, कारण त्या कोठें आहेत हें मला ठाऊक नव्हतें. आणि पुढल्या वेळीं, खबरदारी म्हणून, त्यानें आठाच्या जागीं बारा मागितले असते. ज्याला परत मिळण्याची खात्री असते तोच मोकळ्या हातानें देतो. एकत्र घरें जेथें टिकलीं तेथें तीं कोठीच्या कुलुपापेक्षां या खात्रीवर अधिक टिकलीं असावींत, असें मला वाटतें.